काळ्या घोड्याचा रविवार

मुंबईच्या फोर्ट भागात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जहांगीर कलादालन, डेव्हिड ससून ग्रंथालय आणि एल्फिन्स्टन महाविद्यालय यांच्या दरम्यान चंद्रकोरीसारखा वळलेला जो पट्टा आहे, तो काळा घोडा या नावाने ओळखला जातो, आणि १९९९ पासून थंडीच्या अखेरीस त्याच नावाचा कला महोत्सव तिथल्या रस्त्यांवर भरत आला आहे. हा महोत्सव नऊ दिवसांचा असतो. तो एका शनिवारी सुरू होऊन पुढल्या आठवड्याच्या रविवारी संपतो, म्हणजे त्याच्या वाट्याला दोन रविवार येतात, आणि या दोन रविवारी उपनगरांतून येणाऱ्या माणसांचा एक ठरलेला क्रम दिसतो. आधी धोबी तलावच्या किंवा फोर्टातल्या एखाद्या इराण्याकडे, नाहीतर उडुप्याकडे, घाई न करता नाश्ता होतो. मग आझाद मैदानाच्या कडेने पायी येऊन दुपार कलत जाईपर्यंत रस्त्यावर मांडलेली चित्रे, शिल्पे आणि खेळ पाहिले जातात. हा क्रम आज इतका अंगवळणी पडला आहे की त्याला काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. प्रत्यक्षात त्याला तीन गोष्टी लागतात: हक्काची सुट्टी, कोणालाही बसू देणारे टेबल आणि वाहनांपासून सुटलेला रस्ता. यांतली एकही मुंबईला आपोआप मिळालेली नाही. प्रत्येकीसाठी आधी काहीतरी पाडावे लागले, मोडावे लागले किंवा कोणाच्या तरी हातून सोडवून घ्यावे लागले.

सुट्टीपासून आरंभ करणे योग्य, कारण तिच्यावाचून बाकीच्या दोहोंना अर्थ नाही. इंग्रज अधिकारी आणि व्यापारी यांना रविवार मोकळा होता, पण तो चर्चचा दिवस म्हणून. गिरणी कामगाराला मात्र तो नव्हता. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली, आणि त्यानंतरच्या तीन दशकांत परळ, लालबाग, भायखळा या भागांत गिरण्यांची जी दाटी झाली, तिच्यात कामाचा दिवस सूर्योदयाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपत असे आणि आठवड्याला निश्चित अशी सुट्टीच नसे. घाटावरून आणि कोकणातून आलेला कामगार सणावाराला गावी जाई तेवढाच त्याचा विसावा. या स्थितीविरुद्ध नारायण मेघाजी लोखंडे यांनी आवाज उठवला. लोखंडे हे जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते आणि 'दीनबंधु' या पत्राचे संपादक. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी मिळावी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती असावी आणि पगार वेळेवर व्हावा, या त्यातल्या प्रमुख मागण्या होत्या. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली, आणि अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

या मागणीत रविवारच का निवडला गेला, याचे महाराष्ट्रात सांगितले जाणारे कारण ध्यानात घेण्याजोगे आहे. रविवार हा खंडोबाचा वार. जेजुरीला जाणाऱ्या, तळी भरणाऱ्या, घरी देवाचा टाक असणाऱ्या शेकडो कुळांना तो वार आधीपासून पाळायचाच होता. इंग्रजांच्या प्रार्थनेचा दिवस आणि बहुजनांच्या कुलदैवताचा दिवस एकच निघाला, आणि त्यामुळे कामगाराच्या रविवारावर परक्याच्या धर्माची छाया पडली नाही. पुढे १८९१ च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुट्टीला कायद्याचे पाठबळ दिले. लोखंडे १८९७ मध्ये, प्लेगच्या साथीत रुग्णसेवा करीत असताना, त्याच रोगाने वारले. मुंबईच्या करमणुकीचा इतिहास लिहिताना नाटकगृहांची आणि सिनेमागृहांची नावे आवर्जून घेतली जातात. ज्या माणसाने या साऱ्यासाठी दिवस मिळवून दिला, त्याचे नाव त्या यादीच्या आरंभी असायला हवे.

दिवस मिळाला, तरी बाहेर जाऊन खाणे ही गोष्ट लगेच सोपी झाली नाही, कारण कोणाच्या हातचे खायचे हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात जेवणाचा नसून जातीचा होता. पाव तर विशेषच संशयित. पाव हा शब्द पोर्तुगीज 'पांव' वरून आला, आणि तो भाजणारे पदेर, म्हणजे भट्टीवाले, गोव्यातले ख्रिस्ती. माडाची सूर घालून ते कणीक फुगवीत, त्यामुळे त्या पावात अन्य धर्मीयाचा हात आणि मद्याचा अंश असे दोन्ही दोष एकत्र आले. १८४९ मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या परमहंस सभेत, जी जातिभेद मानत नसे आणि गुप्तपणे भरे, नव्या सभासदाला असाच ख्रिस्त्याने भाजलेला पाव खावा लागे. त्याने जात मोडली हे सिद्ध करायला त्या काळी पावाचा एक तुकडा पुरेसा होता, यावरून त्या तुकड्याचे सामाजिक वजन कळते. सभासदांची नावे १८६० च्या सुमारास फुटली आणि सभा विस्कटली.

त्यानंतर तीस वर्षांनीही परिस्थिती फारशी बदललेली नव्हती. ऑक्टोबर १८९० मध्ये, म्हणजे गिरण्यांना रविवार मिळाल्यानंतर चारच महिन्यांनी, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानासाठी जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली. काहींनी ती घेतली, काहींनी पेला नुसता हातात धरला, आणि गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापवून आणली. त्यातून ग्रामण्य, म्हणजे जातीच्या पंचायतीपुढचा खटला, उभे राहिले, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले, आणि महादेव गोविंद रानडे यांनी पुढे १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले तेव्हा त्यांच्या सुधारक मित्रांना ते जिव्हारी लागले. टिळक, रानडे, गोखले यांच्यासारख्यांना एका पेल्याचा एवढा जाब द्यावा लागला, ही गोष्ट आज नवलाची वाटते. पण चहाचे टेबल हे त्या काळी किती अवघड ठिकाण होते, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणार नाही.

ते टेबल सोपे करण्याचे काम मुंबईत मुख्यतः इराण्यांनी केले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून यझ्द आणि केरमान या इराणी प्रांतांतून झरतुष्ट्री कुटुंबे मुंबईला येत होती. दुष्काळ, दारिद्र्य आणि काजार राजवटीत अल्पसंख्य म्हणून सोसावा लागणारा जाच ही त्यांच्या स्थलांतराची कारणे. शतकांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्यावर येऊन स्थिरावलेले ते पारशी आणि नंतर आलेले हे इराणी, असा भेद मुंबईत केला जातो, जरी धर्म दोघांचा एकच. यझ्दकडचे काही मुसलमानही याच धंद्यात आले. या नवागतांपाशी भांडवल थोडे होते आणि शहरातले बहुतेक धंदे आधीच कोणा ना कोणा ज्ञातीच्या हातांत गेले होते. असे सांगितले जाते की रस्त्याच्या नाक्यावरचे दुकान हिंदू व्यापारी अशुभ मानून टाळीत आणि म्हणून ते इराण्यांना स्वस्तात मिळे. ही समजूत कितपत खरी हा भाग निराळा, परंतु इराणी हॉटेल आणि नाका यांची जोडी मुंबईत इतकी पक्की बसली की पत्ता सांगताना इराण्याचा कोपरा ही खूण पुरेशी होई.

नाक्याच्या जागेचा गुण असा की तिला दोन बाजूंनी दारे ठेवता येतात, उजेड आणि वारा भरपूर मिळतो, आणि आत बसलेल्याला दोन्ही रस्ते दिसतात. गल्ल्यावर बसलेल्या मालकाला सगळे दालन दिसावे म्हणून भिंतींवर मोठे आरसे लावलेले असत. वाफेने वाकवलेल्या लाकडाच्या, पाठीला गोल कमान असलेल्या काळ्या खुर्च्या युरोपातून आलेल्या असत. टेबलांवर संगमरवरी फरशी असे, जी एका फडक्याने स्वच्छ होई. ही फरशी केवळ शोभेची नव्हती. जिच्यावर आधी कोण बसून गेले हे उरत नाही आणि विचारलेही जात नाही, अशी ती बैठक होती. पहाटे पाळीवर जाणारा कामगार, कोर्टातला कारकून, टॅक्सीवाला, विद्यार्थी आणि दलाल एकाच टेबलाभोवती बसत. स्त्रियांसाठी आणि कुटुंबांसाठी पडद्याआडचे फॅमिली रूम असे. गल्ल्याच्या शेजारी साबण, दंतमंजन, आगपेट्या, बिस्किटांच्या बरण्या मांडलेल्या असत, त्यामुळे ज्याला बसायचे नाही त्यालाही आत शिरायला निमित्त मिळे. एका चहावर वर्तमानपत्राची सारी पाने वाचून होईपर्यंत गिऱ्हाइकाला कोणी उठवत नसे. मुंबईसारख्या जागेला मोताद असलेल्या शहरात एका खोलीत आठदहा माणसे राहत असता ही बसू देण्याची मुभा चहापेक्षा मोलाची होती.

खाण्याचे पदार्थही थोडेच आणि ठरलेले. ब्रून म्हणजे वरून कडक, कुरकुरीत आणि आतून मऊ पाव. तो आडवा कापून त्यात मस्का, म्हणजे लोणी, भरले जाते आणि तो चहात बुडवून खाल्ला जातो. पानीकम म्हणजे ज्यात पाणी कमी आणि दूध जास्त असा दाट चहा. अकुरी हा अंडी कांदा-मिरचीबरोबर हलवून, पूर्ण सुकू न देता उतरवण्याचा पारशी प्रकार. खिमा-पाव हा भरपेट नाश्ता. खारी, मावा केक आणि नानखटाई या बरोबर न्यायच्या वस्तू. यांतला पाव पोर्तुगिजांकडून गोव्याच्या वाटेने आला, चहा इंग्रजांमुळे रुळला, खिमा मुसलमानी स्वयंपाकातून आला, आणि 'नाश्ता' हा शब्दही फारसीच, ज्याचा मूळ अर्थ सकाळपासून काही न खाल्लेला असा आहे. मराठीतली जुनी 'न्याहारी' हीदेखील फारसीतूनच आलेली. फरक एवढाच की न्याहारी शेतावर किंवा घरी होते, आणि नाश्त्याला मात्र बाहेरचे टेबल चालते.

धोबी तलावच्या जेर महाल या जुन्या इमारतीत १९०४ पासून चालत आलेले क्यानी हे या परंपरेतले सर्वांत परिचित नाव, आणि त्या इमारतीचा वरचा भागही या इतिहासाचाच आहे, कारण तिथे गोव्यातल्या गावांचे कूड आहेत. कूड म्हणजे गावकऱ्यांनी मिळून भाड्याने घेतलेली सामायिक खोली किंवा मजला, जिथे बोटीवर कामाला जाणारा किंवा परत आलेला गावकरी नाममात्र पैशांत उतरू शके. प्रत्येकाची पेटी, एक देव्हारा आणि रात्रीची प्रार्थना एवढे त्याचे स्वरूप. खाली इराणी, वर गोयंकार: मुंबईचा पाव ज्या दोन समाजांनी भाजला, ते एकाच छपराखाली नांदताना या एका ठिकाणी दिसतात. जवळच १९१३ चे ससानियन, बॅलार्ड इस्टेटमध्ये १९२३ चे ब्रिटानिया, फोर्टात १९३३ चे मिलिटरी कॅफे, अशी ही साखळी काळा घोड्याच्या चहूबाजूंनी पसरलेली होती. दादरला १९१० पासून मामा काणे यांचे स्वच्छ उपाहारगृह आणि पुढे माटुंग्याची उडुपी हॉटेले यांनी शाकाहारी गिऱ्हाइकाला स्वतःचे टेबल दिले. तिथल्या पाट्यांवर आणि नावांत स्वच्छतेची जी ग्वाही आहे, तिच्यात सोवळ्या-ओवळ्याची जुनी भीती आणि आधुनिक आरोग्याची नवी कल्पना या दोन्ही एकत्र मिसळलेल्या आहेत.

आता रस्त्याकडे वळता येईल. आज जिथे महोत्सवाच्या कमानी उभ्या राहतात, तिथे अठराव्या शतकाच्या आरंभापासून किल्ल्याची भिंत होती. फोर्ट हे नाव त्या भिंतीचे. भिंतीबाहेर एस्प्लनेड, म्हणजे तोफांच्या माऱ्याला अडथळा येऊ नये म्हणून मुद्दाम मोकळे राखलेले मैदान होते; १८०३ च्या भीषण आगीनंतर ते आणखी रुंद केले गेले. १८६२ ते १८६७ या काळात गव्हर्नर असलेल्या बार्टल फ्रियर यांनी भिंत पाडण्याचा निर्णय घेतला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला अवाच्या सव्वा भाव आला होता, शहर वाढत होते आणि भिंतीचे लष्करी प्रयोजन संपले होते. १८६५ मध्ये युद्ध थांबताच कापसाचा भाव कोसळला आणि अनेक पेढ्या बुडाल्या, परंतु तोवर मोकळी झालेली जमीन राहिली आणि तिच्यावर नवे शहर उभे राहिले. भिंतीची आठवण एका नावात उरली. तटाला लागून असलेला रस्ता म्हणून रॅम्पार्ट रो. आज त्याचे अधिकृत नाव कैखुश्रू दुभाष मार्ग असले आणि जुने नाव अजून लोकांच्या तोंडी असले, तरी महोत्सवाचा मुख्य रस्ता म्हणजे पाडलेल्या तटाची जागा, हे फार थोड्या फिरणाऱ्यांना ठाऊक असते.

त्या मोकळ्या जागेवर १८६७ ते १८६९ या काळात वॉटसन हॉटेल उभे राहिले, ज्याचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने आणला होता. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या प्रतिनिधीने याच हॉटेलात भारतातला पहिला चित्रपटाचा खेळ केला, तिकीट एक रुपया. १८७० मध्ये डेव्हिड ससून ग्रंथालयाची इमारत झाली. त्याचे मूळ १८४७ मध्ये टांकसाळीतल्या आणि गोदीतल्या तरुण यंत्रज्ञांनी सुरू केलेल्या वाचन-संस्थेत आहे. १८८४ मध्ये केनेसेथ एलियाहू हे ज्यूंचे प्रार्थनामंदिर बांधले गेले. १८८० च्या दशकाच्या अखेरीस एल्फिन्स्टन महाविद्यालय आपल्या गॉथिक इमारतीत आले. भीमराव आंबेडकर यांनी १९१२ मध्ये बी. ए. ची पदवी याच महाविद्यालयातून मिळवली. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची, पायाभरणी १९०५ मध्ये झाली आणि ते १९२२ मध्ये लोकांना खुले झाले. ससून कुटुंबाचे नाव या परिसरात वारंवार येते, आणि घोडाही त्यांचाच. १८७५ मध्ये राजपुत्र एडवर्ड मुंबईला येऊन गेल्याचे स्मारक म्हणून अल्बर्ट ससून यांनी जोसेफ बोहम या शिल्पकाराकडून राजपुत्राचा अश्वारूढ पुतळा करवून घेतला आणि १८७९ मध्ये तो इथे बसवण्यात आला.

पुतळ्याला लोकांनी काय म्हणावे, हे मात्र देणगीदाराच्या हातात राहिले नाही. धातूचा रंग काळपट, आणि खालून पाहणाऱ्याच्या नजरेत आधी घोडा भरतो. तेव्हा राजपुत्र बाजूला राहून जागा काळा घोडा झाली. भायखळ्याच्या शेठ करसेटजी माणेकजी यांच्या उभ्या पुतळ्याचा याच रीतीने 'खडा पारशी' झाला होता. बहुभाषी शहरातल्या साध्या माणसांनी, पाटीवरचे इंग्रजी न वाचता, डोळ्यांना दिसले तसे ठेवलेले हे नाव पुतळ्यापेक्षा टिकाऊ ठरले. १९६५ मध्ये परदेशी राज्यकर्त्यांचे पुतळे हलवले गेले तेव्हा हाही गेला, आणि त्याच्या जागी मोटारी उभ्या राहू लागल्या. बसवाहकाच्या तोंडचे नाव मात्र काळा घोडा हेच राहिले.

चित्रकार या भागात आले ते जागेच्या शोधात. मुंबईत कलाशिक्षण १८५७ पासून जे. जे. स्कूलमध्ये मिळत होते आणि १८८८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली होती, पण चित्रे कायम टांगता येतील अशा भिंती शहरात नव्हत्या. १९४७ मध्ये सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. त्यांचे मुंबईतले पहिले प्रदर्शन १९४९ मध्ये रॅम्पार्ट रोवरच्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात झाले. याच रस्त्यावर १९४६ पासून चेतना ही संस्था होती, जिथे खाणे, पुस्तके आणि चित्रे एकत्र नांदत. निसर्गदत्त महाराजांच्या मराठी संवादांचे जगभर गेलेले इंग्रजी पुस्तक १९७३ मध्ये याच चेतनाने प्रकाशित केले. कावसजी जहांगीर कुटुंबाच्या देणगीतून १९५२ मध्ये जहांगीर कलादालन उघडले, आणि तेव्हापासून होतकरू चित्रकाराला आठवडाभर भिंत भाड्याने मिळू लागली. १९६४ मध्ये कलादालनाच्या मागल्या लांबट व्हरांड्यात समोव्हार हे उपाहारगृह सुरू झाले. वस्तुसंग्रहालयाच्या बागेकडे तोंड असलेल्या त्या चिंचोळ्या जागेत ज्याचे चित्र विकले गेले तो आणि ज्याचे विकले गेले नाही तो असे दोघेही शेजारी बसून चहा घेत. ३१ मार्च २०१५ रोजी समोव्हार बंद झाले. चित्र पाहणे आणि चहा पिणे या दोन क्रियांना जोडणारा जो पूल पन्नास वर्षे तिथे होता, तो नव्याने बांधता आलेला नाही. महोत्सवातल्या खाद्यपदार्थांच्या रांगा ती जागा भरून काढू शकत नाहीत.

याच चौकात वेसाइड इन हे चौकडीच्या टेबलक्लॉथचे हॉटेल होते, आणि त्यात दर गुरुवारी दुपारी अरुण कोलटकर आपल्या मित्रमंडळींसह बसत. कोल्हापूरला जन्मलेले, जे. जे. मध्ये शिकलेले, जाहिरातीच्या व्यवसायात नावाजलेले आणि मराठी व इंग्रजी या दोन्ही भाषांत लिहिणारे कोलटकर वर्षानुवर्षे त्या खिडकीतून चौकाकडे पाहत राहिले. 'काळा घोडा पोएम्स' हे त्यांचे इंग्रजी पुस्तक २००४ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या वर्षीच, प्रास प्रकाशनाने काढले. त्यातल्या एका दीर्घ कवितेचा विषय काळा घोड्यावरची सकाळच्या नाश्त्याची वेळ हाच आहे. तिच्यात जगातल्या आणि मुंबईतल्या निरनिराळ्या ठिकाणी त्या घटकेला काय खाल्ले जात आहे याचा धांडोळा येतो, परंतु केंद्रस्थानी आहे ती ॲल्युमिनियमच्या डब्यातून इडल्या घेऊन येणारी बाई आणि तिच्याभोवती जमणारे पदपथावरचे रहिवासी. ज्यांना हॉटेलचे टेबल नाही, त्यांच्यासाठी घोडा गेल्यावर रिकामा झालेला चौकातला तो बेटासारखा भाग हेच टेबल. बाहेरच्या नाश्त्याचा इतिहास केवळ इराण्यांच्या संगमरवरी फरशीवर थांबवला तर या माणसांना त्यातून वगळल्यासारखे होईल, आणि कोलटकरांनी ते होऊ दिले नाही. ज्या कवीचे 'जेजुरी' हे पुस्तक १९७६ मध्ये आले, त्यानेच हा चौकही लिहावा, यात रविवारच्या देवाचा आणि या रस्त्याचा एक आडवळणाचा धागा जुळतो.

महोत्सवाची पार्श्वभूमी मात्र कवितेपेक्षा नगररचनेच्या नियमांत आहे. १९९५ मध्ये मुंबईत वारसा-वास्तूंच्या जतनाचे नियम लागू झाले, देशातल्या शहरांत पहिल्यांदाच. त्यांत एकट्या इमारतींबरोबर परिसर हीदेखील जतन करण्याची वस्तू मानली गेली. जुन्या सर कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा उघडली. १९९८ मध्ये काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली, आणि परिसराच्या देखभालीसाठी पैसा व लोकांचे प्रेम दोन्ही गोळा व्हावे म्हणून पुढच्या वर्षी महोत्सव सुरू झाला. प्रवेशाला मोल नाही, हे त्याचे पहिल्यापासूनचे तत्त्व. रॅम्पार्ट रोवर वाहने बंद करून मांडणशिल्पे, म्हणजे भोवतालच्या जागेलाच सामावून घेणारी मोठी शिल्परचना, आणि कारागिरांच्या टपऱ्या लागतात. ससून ग्रंथालयाच्या मागल्या बागेत साहित्याचे कार्यक्रम होतात. नृत्य, नाटक, चित्रपट, मुलांच्या कार्यशाळा आणि जुन्या इमारती दाखवत नेणाऱ्या पदयात्रा भोवताली पसरतात. ही कल्पना फोर्टात यशस्वी झाली याचे एक साधे कारण असे की हा कचेऱ्यांचा भाग आहे: एरवी इथे उभे राहायला जागा नसते, आणि रविवारी कारकून घरी असल्यामुळे पदपथ अचानक रुंद होतात. लोखंड्यांनी मिळवलेला दिवस आणि फ्रियरने मोकळी केलेली जमीन यांची गाठ नेमकी त्या रिकाम्या पदपथावर पडते.

या पंचवीसहून अधिक वर्षांत महोत्सव वाढला तसा बदललाही. आरंभी चित्रकार आणि रहिवासी यांचा जो मेळावा होता, त्यात आज प्रायोजकांचे फलक आणि छायाचित्रासाठी लागलेल्या रांगा यांनी बरीच जागा घेतली आहे; रविवारी दुपारी गर्दी इतकी दाटते की शिल्पापुढे थांबणे अशक्य होते. पण या गर्दीचा तिरस्कार करणे अन्यायाचे ठरेल. कलादालनाच्या काचेच्या दारातून आत जायला जी कुटुंबे संकोचतात, ती इथे मुलांना खांद्यावर घेऊन शिल्पे पाहतात, आणि टपरीमागे बसलेल्या विणकराला किंवा कुंभाराला त्याच्या कामाविषयी प्रश्न विचारतात. खरी हानी दुसरीकडे झाली आहे. एकेकाळी काही शे असलेली इराणी हॉटेले आता बोटांवर मोजण्याइतकी उरली. नाक्याची जागा जी कधी कोणाला नको होती ती शहरातली सर्वांत महाग जागा झाली, भागीदारीतल्या वारसांचे एकमत होईना, आणि पहाटे चारला भट्टीपाशी उभे राहण्याचा धंदा पुढल्या पिढीने स्वीकारला नाही. वेसाइड इन नव्या शतकाच्या आरंभी गेले; त्याच चौकातले रिदम हाऊस हे गाण्यांच्या तबकड्यांचे दुकान २०१६ मध्ये बंद झाले. जून २०१८ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, आणि त्यात हा परिसरही आला. परंतु दगडाचे जतन करणारे नियम पानीकम चहाचे, पहाटेच्या भट्टीचे किंवा तासभर बसू देणाऱ्या मालकाच्या स्वभावाचे जतन करू शकत नाहीत.

२०१७ मध्ये चौकात पुन्हा एक काळा घोडा आला. शिल्पकार श्रीहरी भोसले यांनी घडवलेल्या या घोड्यावर स्वार नाही. लोकांनी दिलेल्या नावात स्वार कधी नव्हताच. जुना घोडा मात्र नष्ट झालेला नाही. १९६५ मध्ये तो भायखळ्याला, वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजे लोकांच्या बोलण्यातल्या राणीच्या बागेत, नेला गेला. ही बाग १८६२ मध्ये खुली झाली, आणि गिरणगावाला रविवार मिळाल्यापासून लालबाग, परळ, भायखळ्याच्या चाळींतली कुटुंबे सुट्टीच्या सकाळी डबे घेऊन तिथे येत राहिली. ती आजही बुधवारी बंद असते आणि रविवारी उघडी. झाडांच्या सावलीत सतरंजी पसरून पोळी-भाजी खाणाऱ्या माणसांच्या जवळच, राजपुत्र एडवर्ड आपल्या घोड्यावर बसून आहेत.